डुकरांच्या कारभाऱ्याची निवड

गावसभेच्या आदल्या दुपारी हल्डाबाई पेटिंगिल काकवीत घेवडा भिजवत होत्या, आणि त्यांची नात कोरिन हातमोजे न काढता समोर बसून राज्याची घटना कशी बदलणार ते सांगत होती. स्वयंपाकघरात विस्तव ढणढणत होता. अशा उबेत हातमोजे घालून बसणारं माणूस एकतर आजारी असतं नाहीतर काहीतरी लपवत असतं. पण हल्डाबाईंचं तिकडे लक्ष गेलं नाही, कारण त्या स्वतः काहीतरी लपवत होत्या. लपवणाऱ्याला दुसऱ्याची लपवाछपवी दिसत नाही, तेवढी फुरसतच नसते.

“दोनशे वर्षांची जुनी घटना आहे आजी,” कोरिन म्हणाली. “जिथे बघावं तिथे पुरुष. मत देणार तो पुरुष, न्याय मागणार तो पुरुष, राज्यपाल म्हणजे तर ‘तो’च. अर्धं राज्य त्यात नाहीच.”

“मला माहिती आहे,” हल्डाबाई म्हणाल्या. “तुझे आजोबा गेले तेव्हा सगळं गाव अंगणात जमलं आणि शेताचं काय करायचं ते तुझ्या बापाला विचारायला लागलं. त्याला गाईचं पुढचं टोक कुठलं हे कळत नव्हतं. मी तिथेच उभी होते, कॉफी वाटत.”

“मग उद्या हात वर करशील ना?”

कोरिन राज्याच्या विधिमंडळात निवडून गेली त्याला दोन वर्षं झाली होती. आई लवकर गेल्यामुळे तिला हल्डाबाईंनीच वाढवलं होतं. त्यामुळे ती कुणाला घाबरत नसे, हल्डाबाई सोडून. घटनेतले शब्द बदलायचा ठराव तिनेच मांडला होता, आणि येत्या गुरुवारी राजधानीत त्याची सुनावणी होती. तिथले लोक आत्ताच तिची थट्टा करत होते. तिच्या स्वतःच्या गावाने पाठिंबा दिला नाही, तर तिने गुरुवारी जाण्यात काही अर्थ नव्हता.

“करीन की,” हल्डाबाई म्हणाल्या. “हात वर करायला काय जातं?”

“आणि त्याच ठरावात आपल्या गावचे नियमही बदलून घ्यायचे. वर एक आणि घरात एक, असं बरं दिसत नाही. शाळेचे, रस्त्याचे, आणि तो डुकरांच्या कारभाऱ्याचासुद्धा.”

हल्डाबाईंच्या हातातली पळी काकवीत बुडाली ती वर आलीच नाही.

“त्याचं काय?”

“त्यात म्हटलंय, गावात सर्वांत शेवटी लग्न झालेला पुरुष. आता होईल, सर्वांत शेवटी लग्न झालेली व्यक्ती.” कोरिन उठली. दारापाशी जाऊन थांबली. “आजी, उद्या काहीही झालं तरी तू ओरडणार नाहीस ना?”

“सभेत मी कधी ओरडले आहे? मी घरी ओरडते.”

“हो,” कोरिन म्हणाली. “म्हणूनच.”

ती गेली. हल्डाबाईंनी पळी बोटांनी बाहेर काढली, बोटं चाटली, आणि खुर्चीवर बसल्या. त्या एरवी दिवसा खुर्चीवर बसत नसत.

अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या त्या डोंगरी गावात जुन्या काळापासून ही रीत होती. मार्चमध्ये गाव सभेला जमलं, की इतर कारभाऱ्यांबरोबर डुकरांचा कारभारीही निवडायचा. सुटलेली डुकरं धरून मालकाकडे पोचवायची, हे त्याचं काम. डुकरं आता फारशी उरली नव्हती, पण रीत होती. निवडणूक अशी नव्हतीच. सभापती विचारत, सर्वांत शेवटी लग्न कुणाचं झालं, आणि नवरदेव लाजत उभा राहायचा. त्याच्या हातात काठी आणि दोरी द्यायची, सगळ्यांनी हसायचं, झालं. कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही, ज्याचं त्यानेच उठायचं. कारण त्या सभेत खोटं बोलत नसत. घरी बोलत, कोर्टात बोलत, घोडा विकताना तर बोलतच, पण सभेत नाही.

एका वर्षी एक जण दूरच्या शहरात गुपचूप लग्न करून आला होता आणि मान खाली घालून बसून राहिला होता. त्याला हल्डाबाईंनीच सगळ्यांदेखत सुनावलं होतं. “ऊठ. आज बसलास तर तुझ्या बायकोच्या नशिबी जन्मभर बसलेलाच नवरा येईल.” तो उठला होता.

आणि आता हल्डाबाईंचं स्वतःचं लग्न झालं होतं.

नवरा नदीपलीकडच्या गावचा होता, लायमन लेविट नावाचा, शांत, विधुर, पंप दुरुस्त करणारा. थंडीत पंप बघायला आला, कॉफी प्यायला, आणि दर बुधवारी येत राहिला. फेब्रुवारीत ती दोघं पलीकडच्या तालुक्यात जाऊन एका अनोळखी माणसासमोर उभी राहिली आणि नवरा-बायको होऊन परत आली. तो त्याच्या घरी, ही हिच्या घरी. अंगठी दोरीत ओवून हल्डाबाईंनी झग्याच्या आत गळ्यात घातली होती.

लपवण्यासारखं त्यात काय होतं? लग्नात काही नव्हतं, हल्डाबाईंच्या जिभेत होतं. काही वर्षांपूर्वी डॉर्कस मेरिलने सत्तरीत दुसरं लग्न केलं, तेव्हा चर्चच्या जेवणात हल्डाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या होत्या, “या वयात नवरा आणण्यापेक्षा डॉर्कसने पायपुसणं आणलं असतं, तर दारात उपयोग तरी झाला असता.” गाव अजून ते वाक्य सांगून हसत होतं. डॉर्कस हसत नव्हती. ती विणत बसायची आणि वाट बघायची.

जुन्या नियमात हल्डाबाई सुरक्षित होत्या. लायमन या गावचा मतदार नाही, आणि त्या पुरुष नाहीत. नव्या नियमात त्यांना भर सभेत उठून उभं राहावं लागणार होतं. त्यांनी रात्रभर दोन्ही बाजूंनी विचार केला आणि सकाळी त्यांना तोडगा सापडला. राज्याचं होऊ दे, शाळेचं होऊ दे, रस्त्याचं होऊ दे. फक्त डुक्कर तेवढं वगळायचं.

सभा भरली. बाहेर बर्फ वितळून गुडघाभर चिखल झाला होता आणि दाराशी बुटांचा डोंगर झाला होता. हल्डाबाई नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेच्या टोकाला बसल्या, सभागृहाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ, म्हणजे सभेनंतरच्या जेवणासाठी भट्टीत ठेवलेल्या घेवड्यावर नाक ठेवता येई. मागच्या रांगेत डॉर्कस विणत होती. पलीकडे थर्लो हॉब्स पाय पसरून बसला होता.

थर्लोची आणि हल्डाबाईंची बोलाचाली बंद होती असं म्हणता येणार नाही. बोलाचालीच चालू होती, दुसरं काही नव्हतं. कारण होती ऑगस्टा. ऑगस्टा ही थर्लोची डुकरीण, गावातली उरलेली एकमेव, आणि ती कुंपण मोडून दरवेळी हल्डाबाईंच्याच फुलांचे कंद उकरून खायची. थर्लो म्हणायचा, तिला चव कळते. हल्डाबाई हॉब्स घराण्याविषयी जे म्हणायच्या ते लिहिण्यासारखं नाही.

कोरिनने ठराव मांडला. हातमोजे आजही होते. ती नीट बोलली, थोडक्यात बोलली. मग थर्लो उठला.

“पोरगी हुशार आहे,” तो म्हणाला. “पण मला सांगा, घटना लिहिली तेव्हा बायका नव्हत्या का गावात?”

“होत्या,” हल्डाबाई जागेवरूनच म्हणाल्या. “लिहिणाऱ्यांसाठी घेवडा शिजवत होत्या.”

लोक हसले. कोरिनने आजीकडे विश्वासाने बघितलं. पण तोडगा तो तोडगा. त्या उभ्या राहिल्या.

“सभापती,” त्या म्हणाल्या, “माझी एक सूचना आहे. राज्याचं काय ते होऊ दे, माझा पाठिंबा आहे. गावचंही होऊ दे. फक्त डुकरांच्या कारभाऱ्याचं आहे तसंच राहू दे.”

सभापती होते एझ्रा वॉडली, सावकाश बोलणारे गृहस्थ. “कारण काय, हल्डाबाई?”

“जुनी रीत आहे.”

“सगळंच जुनं आहे,” थर्लो म्हणाला. “म्हणून तर तुझी नात बदलायला निघालीय. डुकरातच काय एवढं सोनं लागलंय?”

हल्डाबाई तोंडात आलं ते बोलल्या.

“डुकरं धरणं बायकांचं काम नव्हे. त्यांना ते जमायचं नाही.”

डॉर्कसच्या सुया थांबल्या. त्या सभेत डॉर्कसच्या सुया अमेरिकेचे अध्यक्ष गेल्याची बातमी आली तेव्हासुद्धा थांबल्या नव्हत्या. कोरिनचा चेहरा पांढरा पडला.

थर्लो सावकाश पुढे आला. एवढं मोठं घबाड हाती लागलेला माणूस घाई करत नाही.

“हल्डा, गेल्या शरदात माझी ऑगस्टा सुटली, तेव्हा कुणी धरली?”

“मी.”

“त्याच्या आधी?”

“मीच.”

“आणि तिची आई होती, तिला?”

“तुझ्या बापाला जमत नव्हतं म्हणून मीच.”

“आणि तूच सांगतेस बायकांना जमत नाही.” थर्लो सभेकडे वळला. “ऐकलंत? हे मी नाही म्हणत. कोरिनची सख्खी आजी म्हणते. तिला वाढवणारी म्हणते, बायकांच्या जातीला एक डुक्कर आवरत नाही, आणि निघाल्यात राज्याची घटना आवरायला. गुरुवारी राजधानीत हेच सांगा, हल्डा पेटिंगिल म्हणाली म्हणून. मी ठरावाच्या विरोधात.”

मागून दोन-चार जण “बरोबर आहे” म्हणाले. आणखी चार जणांनी माना डोलावल्या. त्या गावात लोक हल्डाबाईंचा हात बघून हात वर करत, आणि हल्डाबाईंनीच असं म्हटल्यावर विषय संपला होता. कोरिन आपले कागद गोळा करायला लागली. ती रडत नव्हती. लहानपणी पडली तरी ती रडत नसे, कारण आजीला आवडत नाही. ती फक्त कागद सरळ करत होती, सरळ झालेले पुन्हा सरळ.

हल्डाबाई ते बघत होत्या. अंगणात कॉफी वाटत उभी असलेली बाई त्यांना आठवली. त्या दिवशीही सगळे बोलत होते आणि ती गप्प होती. आज तर गप्प राहण्यापेक्षा वाईट केलं होतं, तोंड उघडून केलं होतं.

“सभापती,” त्या म्हणाल्या, “मी खोटं बोलले.”

एझ्रा वॉडलींनी चष्मा काढला. या खोलीत हे वाक्य त्यांनी पूर्वी ऐकलं नव्हतं.

“काय बोललात?”

“खोटं. बायकांना डुकरं धरता येतात. या गावातल्या निम्म्या पुरुषांपेक्षा बरी येतात. थर्लोला त्याची स्वतःची धरता येत नाही. माझी सूचना मी मागे घेते. ठराव आहे तसाच्या तसा घ्या, डुकरासकट.” आणि त्यांनी हात वर केला, कुणी मतदान पुकारण्याच्या आधीच.

मग हात वर होत गेले, पुढून मागे, वाऱ्याने गवत हलावं तसे. ठराव मंजूर झाला. कोरिनने आजीकडे बघून मान हलवली, आणि हल्डाबाईंनी नजर भट्टीकडे वळवली.

“आता नव्या नियमाप्रमाणे,” एझ्रा वॉडली म्हणाले, आणि त्यांनी टेबलाखालून काठी आणि दोरी काढली, “डुकरांचा कारभार. गावात सर्वांत शेवटी लग्न झालेल्या व्यक्तीने उभं राहावं.”

वेंडेल नावाचा एक तरुण सप्टेंबरात बोहल्यावर चढला होता. मित्रांनी त्याला सकाळपासून कोपरं मारून तयार ठेवलं होतं. तो हसत हसत उठायला लागला.

हल्डाबाई बसून होत्या. कुणालाच माहीत नव्हतं. लायमन नदीपलीकडे होता, अंगठी झग्याच्या आत होती. नुसतं बसून राहायचं होतं. पण तीस पावलांवरच्या बाकावर एकदा एक माणूस असाच बसून राहिला होता, आणि त्याला उठवणारी बाई कोण होती हे सगळ्या गावाला माहीत होतं. सकाळपासून सभेत एक खोटं झालं होतं. दुसरं पचलं नसतं.

त्या उभ्या राहिल्या.

“घेवडा करपतोय का?” सभापतींनी काळजीने विचारलं. “जा तुम्ही, हल्डाबाई, आम्ही थांबतो.”

“घेवडा ठीक आहे.”

“मग बसा ना. हे लग्नवाल्यांचं चाललंय.”

“म्हणूनच उभी आहे.”

वेंडेल अर्धवट वाकलेला तसाच राहिला.

“कधी?” एझ्रा वॉडलींनी विचारलं.

“फेब्रुवारीत.”

“कुणाशी पण?” हे थर्लो.

“लायमन लेविटशी.”

“तो पंप दुरुस्त करायला येतो तो? दर बुधवारी?” थर्लो विचारात पडला. “एवढा कसला पंप बिघडला होता तुझा?”

“पंप बिघडलाच नव्हता,” हल्डाबाई म्हणाल्या.

मागच्या रांगेत सुया पुन्हा चालू झाल्या. डॉर्कस मेरिलने वर न बघता, अगदी मायेने विचारलं, “हल्डा, पायपुसणं देऊ का गं? एक विणून ठेवलंय. बरीच वर्षं झाली.”

हल्डाबाईंनी ते मान ताठ ठेवून घेतलं. त्यांचंच होतं, परत आलं होतं. “दे,” त्या म्हणाल्या. “निळ्यात असेल तर बरं.”

एझ्रा वॉडलींनी काठी उचलली आणि पुढे केली. हल्डाबाईंनी हात लांब केला.

“सभापती, थांबा,” कोरिन म्हणाली. ती उभी होती, आणि तिने आता हातमोजे काढले होते. बोटात पातळशी अंगठी होती. “काठी माझी आहे. माझं गेल्या शनिवारी झालं.”

हल्डाबाईंचा हात हवेतच राहिला.

“मी उठणारच होते,” कोरिन आजीकडे बघून हळू म्हणाली. “घरी सांगायची हिंमत होत नव्हती. म्हटलं, सभेत तू ओरडत नाहीस. तेवढ्यात तूच उठलीस.”

आणखी एक श्वास. एवढंच बसायचं होतं. एक श्वास आत घेऊन बाहेर सोडेपर्यंत त्या बाकावर बसून राहिल्या असत्या, तर हल्डाबाई पेटिंगिल आयुष्यभर सुरक्षित राहिल्या असत्या, आणि खोटंही झालं नसतं. हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

“कुणाशी?” त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

“सायलसशी.”

“कुठला सायलस?” थर्लो म्हणाला. त्याला आता मजा येऊ लागली होती.

“तुमचा,” कोरिन म्हणाली. “तुमचा नातू.”

सायलस हॉब्स राजधानीत सुतारकाम करायचा आणि मतदानही तिथेच करायचा. थर्लो उभा राहिला आणि पुन्हा खाली बसला. पेटिंगिल आणि हॉब्स आता नातेवाईक होते, आणि ही गोष्ट दोघांनाही एकाच वेळी, सगळ्या गावादेखत, काकवीच्या वासात कळली होती.

“आजी,” कोरिन म्हणाली, “तू ओरडत नाहीयेस.”

“सभा संपू दे,” हल्डाबाई म्हणाल्या. पण त्यांनी स्वतःच काठी सभापतींच्या हातातून घेतली आणि नातीच्या हातात दिली, आणि देताना तिचा अंगठीचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. “पोरगा निदान लाकूड सरळ कापतो. आजोबाला तेही येत नाही.”

तेवढ्यात खिडकीशी बसलेल्या वेंडेलने काच पुसली. “ऑगस्टा सुटलीय,” तो म्हणाला. “हल्डाबाईंच्या घराकडे निघालीय.”

कोरिनने काठीकडे बघितलं, दोरीकडे बघितलं. कायदा तिने लिहिला होता, पण डुक्कर कधी धरलं नव्हतं.

“काठीचा काही उपयोग नाही,” हल्डाबाई म्हणाल्या. “डुक्कर पुढे ढकललं की अंगावर येतं. डोक्यावर बादली घालायची. मग ते मागे मागे सरकतं, आणि आपण शेपटी धरून त्याला हवं तिकडे न्यायचं. चल.” त्यांनी कमरेचा एप्रन सोडला आणि थर्लोच्या मांडीवर ठेवला. “घेवडा वाढ.”

“मी?” थर्लो म्हणाला.

“आत्ताच ठराव झालाय.”

दोघी चिखलातून निघाल्या, हातात बादली आणि दोरी. गावाने खिडक्यांना तोंडं लावली.

“लायमनना मी आजोबा म्हणू का?” कोरिनने विचारलं.

“सध्या पंपवाला म्हण. सवय होऊ दे मला.”

ऑगस्टा घरापुढच्या वाफ्यात उभी होती. उरलासुरला बर्फ बाजूला सारून तिने कंद उकरले होते आणि एक तोंडात होता. हल्डाबाईंना बघून ती चावायची थांबली. आजवरच्या अनुभवाने ती काहीतरी ऐकायची वाट बघत होती.

हल्डाबाईंनी तोंड उघडलं. गेल्या कित्येक वर्षांत या डुकरिणीला त्या काय काय म्हणाल्या होत्या, ते सगळं जिभेवर तयार होतं. पण ती आता व्याह्यांची होती. नातीच्या सासरची. तिच्याबद्दल बोललेलं आता घरात परत येणार, डॉर्कसच्या पायपुसण्यासारखं.

त्यांनी बादली पुढे धरली, आणि शक्य तेवढ्या सौम्य आवाजात म्हणाल्या,

“या, ऑगस्टाबाई. झालं असेल तुमचं खाऊन, तर चला घरी.”